५५ हजारांत जुना थ्रेडरिपर १९५०एक्स, घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये तिघांचं छोटं आर्किटेक्चर-इंटिरिअरचं ऑफिस, दिवसभर रेविट, स्केचअप, थ्रीडीएस मॅक्सवर ड्रॉइंग आणि मॉडेल, आणि रात्री कोरोना नावाच्या सॉफ्टवेअरला रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र) लावून घरी जायचं. सध्याचं मशीन आय५-१२४००, १६ जीबी रॅम, एक ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी, टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस, आणि तक्रार "मशीन स्लो वाटतं". मुंबईत एक एडिटिंग स्टुडिओ सामान काढतोय, त्यांच्याकडे थ्रेडरिपर १९५०एक्स (एएमडीचा २०१७ चा प्रोसेसर), त्याला लागणारा एक्स३९९ चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ जीबी डीडीआर४ रॅम (१६ च्या चार पट्ट्या), लिक्विड कूलर आणि ८५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असं सगळं ५५ हजारांत आहे, ग्राफिक्स कार्ड आपलं आपण लावायचं. "दादा, १६ कोअर ३२ थ्रेड या पैशात कुठे मिळतात, घेऊन टाकू का?" (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक कामगार, थ्रेड म्हणजे त्याच्याकडची कामाची एकेक रांग.)

थांब जरा, टोकन देऊ नकोस अजून. तू रोज ज्याच्यासमोर बसणार ते मशीन म्हणून ५५ ला अजिबात घेऊ नकोस. रात्रीचं रेंडर चालवायला कोपऱ्यात ठेवायचा डबा म्हणून ३०-३५ पर्यंत आला तर विचार कर, तोही नीट तपासून. आणि खरं सांगू का, त्या अख्ख्या लॉटमध्ये मला सगळ्यात जास्त रस कशात असेल तर त्या चार रॅमच्या पट्ट्यांमध्ये. का ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

मी वर्कस्टेशन जोडून द्यायचं काम पंधरा-सोळा वर्षं करतोय, त्यामुळे हा प्रोसेसर आला तेव्हाची हवा अजून आठवते. ऑगस्ट २०१७, किंमत ९९९ डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी इंटेलचा १० कोअरचा आय७-६९५०एक्स १,७२३ डॉलरचा होता, आणि इथे एएमडी हजाराच्या आत १६ कोअर देत होती. व्ही-रे आणि कोरोनासारख्या सॉफ्टवेअरवर रेंडर करणारे लोक अक्षरशः रांगेत होते. इंटेलने दीड महिन्यात १८ कोअरचा आय९-७९८०एक्सई काढला, पण १,९९९ डॉलरला. मग बघ, नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच इंटेलने १८ कोअरचाच आय९-१०९८०एक्सई ९७९ डॉलरला विकायला काढला, त्याच्या आधीचा ९९८०एक्सई १,९७९ चा होता. म्हणजे एका पिढीत किंमत निम्मी. चिप काही वाईट झाली नव्हती, तर त्याच महिन्यात एएमडीचा १६ कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स साध्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खाच) बोर्डावर ७४९ डॉलरला बसायला लागला होता. १६ कोअरसाठी वेगळा मोठा सॉकेट, वेगळा महागडा बोर्ड ही गरज तिथे संपली. त्यामुळे विकणारा जेव्हा म्हणतो "साहेब, हा ऐंशी हजाराचा पीस होता" तेव्हा मान हलवायची आणि दुसऱ्या कानाने सोडून द्यायचं. तो तेव्हा केवढ्याला होता याचा आज तुझ्या कामाशी काही संबंध नाही.

आता कोअरबद्दल. १९५०एक्समध्ये झेनच्या (एएमडीच्या कोअरच्या रचनेचं नाव) पहिल्या पिढीचे कोअर आहेत, १४ नॅनोमीटरवाले, बेस ३.४ आणि बूस्ट ४.० गिगाहर्ट्झ, सगळे कोअर भरले की ३.७ च्या आसपास चालतात. सिनेबेंच आर२३ या रेंडरच्या वेगाच्या टेस्टमध्ये सगळे कोअर मिळून १६-१७ हजाराच्या घरात स्कोअर येतो आणि एका कोअरचा हजाराच्या आसपास. त्याच टेस्टमध्ये साधा ८ कोअरचा रायझन ७ ७७०० सगळे मिळून १९ हजारांच्या पुढेमागे जातो आणि एका कोअरला १,९०० च्या आसपास. म्हणजे ६५ वॅटचा ८ कोअरचा प्रोसेसर तुझ्या १८० वॅटच्या १६ कोअरवाल्याला रेंडरमध्ये मागे टाकतो आणि बाकी सगळ्या कामात जवळजवळ दुप्पट पळतो. १२ कोअरचा रायझन ९ ७९०० घेतला, तोही ६५ वॅटचाच, तर रेंडरमध्ये साधारण दीडपट.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. झेनच्या पहिल्या पिढीत २५६ बिटची एव्हीएक्स२ सूचना (एकदम अनेक आकड्यांवर काम करणारी) आली की प्रोसेसर तिचे १२८-१२८ चे दोन तुकडे करून चालवतो, पूर्ण रुंदीचं युनिट झेन२ मध्ये आलं. कोरोना, व्ही-रे, ब्लेंडर ही सगळी रेंडरची सॉफ्टवेअर प्रकाशाचे किरण कुठे आदळतात ते शोधायला एम्ब्री नावाची इंटेलची तयार कोडची लायब्ररी वापरतात आणि ती अशा रुंद सूचनांवरच जगते. म्हणून कागदावर १६ कोअर सारखे दिसले तरी झेन१ चे १६ आणि झेन३ चे १६ यात रेंडरच्या वेळेचा फरक घड्याळात स्पष्ट दिसतो.

पण तुझा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. तुझं काम अडतं कुठे? तू लिहिलंयस "मशीन स्लो वाटतं". कधी स्लो वाटतं? रेविटमध्ये सेक्शन फिरवताना, मोठी फाईल उघडताना, स्केचअपमध्ये फर्निचरचे जड मॉडेल ढकलताना, मॅक्समध्ये मॉडिफायर लावल्यावर थांबतं तेव्हा? तर ही सगळी कामं बहुतेक वेळ एकाच थ्रेडवर चालतात, आणि तिथे हा थ्रेडरिपर तुझ्या सध्याच्या मशीनपेक्षाही मंद असू शकतो. तू आता आय५-१२४०० वर बसतोस म्हणालास ना, मग रेविटमध्ये तुला १९५०एक्सवर आल्यावर नक्की वाईट वाटेल, हे लिहून घे.

एक साधा प्रयोग कर. दिवसभर टास्क मॅनेजर उघडा ठेव आणि जेव्हा जेव्हा माऊसचं गोल चक्र फिरतं तेव्हा सीपीयूचा टक्का बघ. इथे एक गंमत आहे. ३२ थ्रेडच्या मशीनवर एक थ्रेड जीव तोडून पळत असला तरी टक्का दिसतो फक्त ३. लोक मला स्क्रीनशॉट पाठवतात की बघा प्रोसेसर तर रिकामाच आहे तरी रेविट हँग होतंय, ग्राफिक्स कार्ड बदलू का. अरे, रिकामा नाहीये तो, एक जण घामाघूम झालाय आणि एकतीस जण कट्ट्यावर बसलेत. तुझ्या आय५ च्या १२ थ्रेडवर तोच आकडा ८ टक्क्यांच्या आसपास दिसेल. हा आकडा दिसला की समज, जास्त कोअर घेऊन काही होणार नाही, एक कोअर जोरात पळणारा हवा.

मग हे जुने मोठे प्रोसेसर आज कोणी घ्यायचेच नाहीत का? तसं नाही. यांच्यात आजही एक गोष्ट आहे जी साध्या बोर्डावर मिळत नाही, ती म्हणजे पीसीआयई लेन, कार्डं आणि एसएसडी प्रोसेसरला जोडणारे रस्ते. १९५०एक्सला ६४ लेन आहेत, ४ चिपसेटला जातात, ६० आपल्या हातात उरतात. आजच्या एएम५ सॉकेटच्या रायझनला २८, त्यातल्या २४ वापरायला. म्हणजे ज्याला दोन-तीन ग्राफिक्स कार्डं लावून त्यांच्यावरच (जीपीयू) रेंडर करायचं आहे, शिवाय १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, कॅप्चर कार्ड, चार-पाच एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), त्याच्यासाठी एक्स३९९ चा बोर्ड अजूनही कामाचा. मुंबईच्या त्या स्टुडिओने तो घेतला असणार तो बहुतेक ह्याच्यासाठी. लेन ३.० च्या आहेत हे मात्र धर, ३.० ची १६ लेन म्हणजे ४.० ची ८ लेन, पण रेंडरला सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की फारसा फरक पडत नाही. माझ्या ओळखीत एक जण अजून २०१८ चा थ्रेडरिपर वापरतो, तीन कार्डं लावून ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनवर रात्रंदिवस रेंडर करतो, प्रोसेसर काय आहे याने त्याला काही फरक पडत नाही आणि त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. तुझ्याकडे एक कार्ड आणि एक एसएसडी आहे. तू ६० लेनचं काय करणार?

दुसरी गोष्ट मेमरी. चार चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधले चार समांतर रस्ते) म्हटलं की लोकांना फार भारी वाटतं, २०१७ मध्ये होतंच. पण हिशेब करून बघ, डीडीआर४-२६६६ चे चार चॅनल म्हणजे सेकंदाला ८५ जीबी, आणि आज डीडीआर५-५६०० चे साधे दोन चॅनल ८९ जीबीच्या वर जातात. सरळ बरोबरी झाली. त्यात थ्रेडरिपरवर रॅमचे आठही खण भरले की अधिकृत वेग २१३३ किंवा पट्ट्या डबल रँक (चिपांचे दोन संच असलेल्या) असतील तर १८६६ पर्यंत उतरतो. हा, ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी रॅम) चालतं हा याचा मोठा गुण, इंटेलच्या तेव्हाच्या एक्स२९९ बोर्डांवर ते नाहीच. पण फक्त अनबफर्ड, म्हणजे साध्या डेस्कटॉप प्रकारच्या पट्ट्यांचं ईसीसी. बाजारात सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड पट्ट्या कधीकधी स्वस्तात दिसतात, त्या यात चालत नाहीत, बोर्ड सुरूच होत नाही. मी एकदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून आठ पट्ट्या उचलल्या होत्या, त्या पुढे दोन वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या.

अजून एक, आत दोन वेगळे डाय (सिलिकॉनचे तुकडे) आहेत आणि प्रत्येकाला दोनच चॅनल जोडलेत. एका डायवरच्या कोअरला दुसऱ्याच्या बाजूची मेमरी हवी असली की मधल्या इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या जोडरस्त्यावरून जावं लागतं, त्यात वेळ जातो. रेंडरला चालतं, रेविट-स्केचअपसारख्या चुळबुळ्या कामांना ते जाणवतं. याचा मोठा भाऊ २९९०डब्ल्यूएक्स, ३२ कोअरचा, त्याचे तर चारपैकी दोन डाय मेमरीशी थेट जोडलेलेच नाहीत, विंडोजवर काही कामांत तो आपल्याच १६ कोअरच्या भावापेक्षा मागे पडायचा. तो स्वस्तात दिसला तर भुलू नकोस, तो फार ठरावीक कामांचा प्रोसेसर आहे.

आता विंडोज. हा मुद्दा ऑफिससाठी मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत पहिल्या पिढीचे थ्रेडरिपर नाहीत, म्हणजे १९००एक्स, १९२०एक्स, १९५०एक्स तिन्ही बाहेर. दुसऱ्या पिढीचे, २९५०एक्स वगैरे, यादीत आहेत. आणि विनोद बघ, त्याच २०१७ च्या इंटेलच्या एक्स सिरीजचे, ७९८०एक्सई धरून, मायक्रोसॉफ्टने नंतर यादीत घेतले. जुगाड करून १९५०एक्सवर विंडोज ११ चढतं, चालतंही बऱ्यापैकी, मी चढवलंय, पण दरवर्षीचा मोठा अपडेट आला की परत हातानेच करायचं आणि कधी अडेल सांगता येत नाही. घरच्या मशीनवर ठीक आहे, क्लायंटच्या फाईली असलेल्या ऑफिसच्या मशीनवर मी करून देत नाही. लिनक्सवर रेंडर करणार असशील तर हा प्रश्नच उरत नाही, पण तुझं मॅक्स आणि कोरोना विंडोजचं आहे. म्हणून त्यांना विचार, प्रोसेसर नक्की १९५०एक्सच आहे ना. विकणाऱ्याने २९५०एक्सला चुकून १९५० लिहिलं असेल तर गोष्ट थोडी बदलते, सॉकेट तोच आहे, बूस्ट ४.४ आहे आणि विंडोज ११ अधिकृत.

विजेचं लोक फार मोठं करून सांगतात, मी सांगणार नाही. माझ्या मीटरवर असं मशीन सीपीयू रेंडरला साधारण २८० ते ३०० वॅट घेतं, रिकामं बसलं तरी ग्राफिक्स कार्ड धरून ९०-१००. रात्री आठ तास रेंडर म्हणजे २.४ युनिट. तेच काम ७९०० साडेपाच तासांत १६० वॅटला उरकतो असं धर, ०.९ युनिट. दीड युनिटचा फरक, महिन्यातल्या वीस रात्री म्हणजे ३० युनिट, युनिटला ११-१२ रुपये धरले तर महिन्याला साडेतीनशे. वर्षाला चार हजार. एवढ्यासाठी कोणी निर्णय बदलू नये. बदलायचा तर गरमीसाठी बदल. मे महिन्यात बंद ऑफिसमध्ये एसी नसताना ३०० वॅट रात्रभर खोलीत सोडायचे, आणि तुझा यूपीएस. ६०० व्हीएचा जो टेबलाखाली आहे तो यावर रेंडर चालू असताना लाईट गेली तर टूं करून सगळंच बंद करेल. ग्राफिक्स कार्ड धरून किमान दीड केव्हीए हवा, तो खर्च ५५ मध्ये मिळव.

लिक्विड कूलर सोबत देतायत म्हणतोस, तो फुकट दिला तरी काढून टाक. बंद लूपमधलं पाणी वर्षानुवर्षं नळीतून थोडं थोडं उडतं, पंप घासतो, सात-आठ वर्षांचा कूलर म्हणजे आज चालतोय उद्या नाही. शिवाय त्या काळातल्या गोल प्लेटवाल्या कूलरची प्लेट थ्रेडरिपरचं झाकण पूर्ण झाकतही नाही, झाकण केवढं मोठं आहे ते हातात घेशील तेव्हा कळेल. नॉक्टुआने यासाठी खास या टीआर४ सॉकेटचा एअर कूलर काढला होता, मिळाला तर तो, नाहीतर पूर्ण प्लेटवाला दुसरा एखादा. हा पण खर्चच.

तापमान तपासताना एका गोष्टीने घाबरू नकोस किंवा उलट फसू नकोस. १९५०एक्स दोन आकडे सांगतो, टीसीटीएल (पंख्यांसाठीचा) आणि टीडाय (खरं तापमान), आणि पहिला दुसऱ्यापेक्षा मुद्दाम २७ अंशांनी जास्त असतो, पंख्यांचं गणित सोपं व्हावं म्हणून एएमडीने तसं ठेवलंय. म्हणजे ९० दिसलं तरी खरं ६३. मला एकदा रात्री साडेअकराला फोन आला होता की मशीन पेटणार आहे, ९३ दाखवतंय, आणि खरं तापमान ६६ होतं. पण एएमडीने या चिपची कमाल मर्यादाच ६८ दिलीय, म्हणजे ६६ हे पण आरामात नव्हतं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीडायची ओळ बघायची.

आता मुख्य धोक्याकडे येतो, बोर्ड. लोक प्रोसेसर तपासत बसतात, पण प्रोसेसर सहसा मरत नाही, अतिरेकी व्होल्टेज देऊन ओव्हरक्लॉक केला असेल तर गोष्ट वेगळी. बोर्ड मरतो. आणि एक्स३९९ चा बोर्ड मेला की तुझ्या हातात एक सुंदर मोठा पेपरवेट उरतो, कारण २०१९ मध्ये एएमडीने तिसऱ्या पिढीला नवा सॉकेट आणि टीआरएक्स४० चिपसेट दिला, दिसायला पिना तेवढ्याच ४,०९४ पण एकमेकांत चालत नाहीत. म्हणजे एक्स३९९ चे बोर्ड जेमतेम दोन वर्षं विकले गेले, नवीन कुठे मिळत नाही, आणि जुना मिळाला तर तो कसा निघेल ते नशीब. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात फिरून बघ, दहा दुकानांत विचारलं तर एखादा म्हणेल "मागवून देतो", भाव विचारलास तर घाम येईल.

या सॉकेटची अजून एक खोड आहे. प्रोसेसर नारिंगी फ्रेममध्ये सरकवून वरून तीन टॉर्क्स (चांदणीच्या खाचेच्या) स्क्रूंनी आवळतात, स्क्रूंवर १-२-३ आकडे असतात, आवळताना १-२-३ आणि सोडताना ३-२-१, आणि किती आवळायचं त्यासाठी डब्यातच ठरावीक दाबाला टकटक करणारा स्क्रूड्रायव्हर यायचा. तो कुठे हरवला की लोक हातानेच आवळतात, दाब एका बाजूला जास्त होतो आणि मग मशीन सुरू होतं पण एखादा मेमरी चॅनल गायब. मी दिलेल्या मशीनमध्येच एकदा झालं, ग्राहकाने कूलरखालची थर्मल पेस्ट बदलायला कोणाकडून तरी उघडून घेतलं आणि ६४ ऐवजी ४८ जीबी दिसायला लागली. त्याने रॅम बदलली, मग बोर्ड बदलायला निघाला. मी जाऊन तीन स्क्रू सोडले, परत बरोबर क्रमाने आवळले, ६४ आली. पण प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं, एकदा मी स्वतः असाच लॉट घेतला होता, विकणाऱ्याने चार खणांत रॅम लावून दाखवली, घरी आणून उरलेले चार भरले तर दोन मेलेले, सॉकेटमध्ये भिंगाखाली बघितलं तर कोपऱ्यातल्या दोन पिना वाकलेल्या. तो माणूस परत फोन उचलेना.

म्हणून तपासायला जाशील तर चार नाही, आठही खण तपास. तुझ्या चारच पट्ट्या असल्या तरी आधी एका संचात, मग दुसऱ्यात, आणि दोन्ही वेळा सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनल "क्वाड" (चार) दिसलं पाहिजे. तिथल्या तिथे सिनेबेंच अर्धा तास फिरव, दहा मिनिटांचं नको, बोर्डाच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) गरम व्हायला वेळ लागतो आणि गडबड असली तर ती पंधरा मिनिटांनंतर दिसते. पहिल्या मिनिटाचा आणि शेवटच्या मिनिटाचा क्लॉक (गिगाहर्ट्झमधला वेग) लिहून घे. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए लिहिलेले एरर (हार्डवेअरच्या चुका) शोध, तिथे रांग लागली असेल तर मशीन वरून कितीही शांत दिसू दे, घेऊ नकोस. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा निदान एक पूर्ण फेरा, ६४ जीबीला तासभर सहज जातो, चहा घ्यायला जा पण तुझा माणूस तिथे बसव. बायोसमध्ये ओव्हरक्लॉकचं प्रोफाईल सेव्ह केलेलं आहे का ते बघ, कोअरला १.४ व्होल्ट लावून दोन-तीन वर्षं चालवलं असेल तर मी सोडून देतो. एसएमपीएस किती वर्षांचा ते लेबलवर बघ, मशीनएवढाच जुना असेल तर त्याची किंमत शून्य धर. पक्कं बिल आणि निदान सात दिवसांची चेकिंग वॉरंटी मागायची, देत नसतील तर का देत नाहीत ते त्यांच्या तोंडून ऐक.

बरं, आता रॅमवर येतो, वर सोडलं होतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघतोयस ना, डेटा सेंटरवाले सगळं उचलतायत आणि ६४ जीबी डीडीआर५ चा संच घ्यायचा म्हणजे प्रोसेसरपेक्षा रॅमच महाग पडतेय. त्यामुळे मी वर ७९०० ची एवढी तारीफ केली तरी आज नवीन एएम५ मशीन ६४ जीबीचं करायचं म्हणजे खिशाला मोठं भोक आहे, ते मला कळतं. पण डीडीआर४ च्या त्या चार पट्ट्या, साध्या अनबफर्ड असतील तर, एएम४ च्या बोर्डावर जशाच्या तशा बसतात. २०२४ मध्ये एएमडीने एएम४ साठीच रायझन ९ ५९००एक्सटी काढला, १६ कोअर, झेन३, १०५ वॅट, तेव्हा किंमत ३४९ डॉलर. आर२३ मध्ये तो २५ हजाराच्या आसपास जातो, म्हणजे १९५०एक्सच्या दीडपट, एका कोअरला सुद्धा दीडपटीच्या वर, आणि विंडोज ११ यादीत. चांगल्या व्हीआरएमचा एक बी५५० बोर्ड, एक मोठा एअर कूलर, आणि मुंबईची ती रॅम. चार पट्ट्या लावल्या की वेग थोडा खाली ठेवावा लागेल, ३२०० नाही लागला तर २६६६ ला चालव, कोरोनाला तेवढ्याने फरक पडत नाही. हे मशीन तू दिवसा वापरशील आणि रात्री रेंडरलाही लावशील, एकच डबा, एकच यूपीएस, बोर्ड मेला तर दुसऱ्या दिवशी नाशिकमध्येच दुसरा मिळेल.

म्हणून त्यांना फोन करून आधी एवढंच विचार की रॅम सुटी देता का आणि कितीला. बरेचदा असे लॉट विकणाऱ्यांना प्रोसेसरची किंमत आठवत असते आणि रॅमची आजची माहीत नसते. नाही म्हणाले तर अख्ख्या लॉटचं ३२ पासून सुरू कर, ३५ च्या वर जाऊ नकोस, आणि घेतलास तर तो कोरोनाच्या डिस्ट्रिब्यूटेड रेंडरचा (एक रेंडर अनेक मशीनवर वाटून) नोड, म्हणजे मदतीचं मशीन म्हणून दुसऱ्या खोलीत ठेव, इंटरनेट तोडून फक्त ऑफिसच्या नेटवर्कवर, तुझ्या लायसन्समध्ये नोड बसतो का ते आधी बघून. तुझा आय५ रेविटला आहे तसाच राहू दे, त्याला १६ च्या ऐवजी ३२ जीबी कर, अर्धी तक्रार तिथेच जाईल.

जायचं ठरलं तर टी२० टॉर्क्सचा बिट, भिंग आणि पेनड्राईव्हवर मेमटेस्ट घेऊन जा, आणि प्रोसेसर काढून झाल्यावर सॉकेटचा एक फोटो उजेड तिरका पाडून काढ, टोकन द्यायच्या आधी मला पाठव.